‘जाई’ पाण्यातच राहिली

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी मंडळात माझी ओळख ‘बोटवाल्या बाई’ अशी आहे. समोर सगळे ‘सुनीताताई’ म्हणतात, पण पाठ वळली की बोटवाल्या बाई. मला त्याचं वाईट वाटत नाही. मंडळात बाकी सगळे कॉम्प्युटरवाले, औषध कंपन्यांतले नाहीतर डॉक्टर. त्यात रॅरिटनच्या उपसागरावरच्या एका जुन्या बोट यार्डात काम करणारी मी एकटीच. नवीन माणसाला वाटायचं, तिथे हिशेब ठेवत असेन. सुरुवातीला तेच करायचे. पण पुढे बोटी कुठे बांधायच्या, पाण्यातून कधी काढायच्या, यार्डात कुठल्या क्रमाने लावायच्या आणि वादळ आलं तर कुणी काय करायचं, हे सगळं हळूहळू माझ्या गळ्यात पडलं. मी मूळची सोलापूरची. मला पोहता येत नाही. आमचे मालक, व्हिन्स नावाचे एक इटालियन वंशाचे म्हातारबुवा, गिऱ्हाइकांना हे कौतुकाने सांगायचे. त्यांचं म्हणणं, पोहणारी माणसं पाण्याला घाबरत नाहीत आणि मला मॅनेजर घाबरणारीच हवी.

घाबरण्यात मात्र मी कुणाला हार गेले नाही.

लोकांना वाटतं, बोटींचा धंदा म्हणजे उन्हाळ्याचा. ऊन, पांढरी शिडं, हातात थंड पेय. ते गिऱ्हाइकांचं. आमचं खरं काम पानं गळायला लागली की सुरू व्हायचं. कोकणात पावसाळ्याआधी होड्या वर ओढून नारळाच्या झापांनी झाकून ठेवतात, तसंच इथे हिवाळ्याआधी करायचं. मोठ्या चाकांच्या क्रेनने एकेक बोट पट्ट्यांत धरून उचलायची, यार्डात लाकडी ठोकळ्यांवर बसवायची, इंजिनातलं पाणी काढून तिथे न गोठणारं गुलाबी औषध भरायचं आणि वर प्लास्टिक ताणून बसवायचं. एप्रिल आला की सगळं उलट्या क्रमाने. शेवटी ठेवलेली बोट आधी निघते आणि आत अडकलेल्या बोटीचा मालक आपल्याला शिव्या घालतो.

इंजिनातलं पाणी काढायचं म्हटलं की वाद घालणारे असायचेच. पुण्याहून आलेल्या एका कॉम्प्युटरवाल्याने दोन मित्रांबरोबर भागीदारीत जुनी मोटरबोट घेतली होती. तो मला म्हणाला, “ताई, यार, खारं पाणी फ्रीझ होत नाही. केमिस्ट्री आहे साधी.” मी म्हटलं, बाबा रे, लवकर होत नाही इतकंच, पण न्यू जर्सीच्या फेब्रुवारीने केमिस्ट्रीचं पुस्तक वाचलेलं नाही. त्याने ऐकलं नाही. वसंतात इंजिनाला उभी चीर गेलेली निघाली. त्यानंतर तो दर ऑक्टोबरला पहिला फोन करायचा आणि ओक ट्री रोडवरच्या आपल्या दुकानातून माझ्यासाठी मिठाई आणायचा. शहाणपण उशिरा आलं तरी मिठाईसह आलं की मी त्याला नावं ठेवत नाही.

पण जी बोट हिवाळ्यातही पाण्यात राहते, तिची काळजी वेगळीच. काही जण हौसेने ठेवतात, काहींचा नाइलाज असतो. अशा बोटीला थंडी मारत नाही, दोर मारतो. वाऱ्याने बोट सारखी झटके देते आणि बोटीच्या कडेला दोर ज्या धातूच्या खाचेतून बाहेर पडतो, तिथे तो घासत राहतो. म्हणून तेवढ्या भागावर सगळे रबरी नळीचा तुकडा चढवतात. आम्हीही चढवायचो. दोन हजार तीनच्या हिवाळ्यात एका निवृत्त शिक्षकाची बोट अशीच सुटली आणि दगडांवर जाऊन फुटली. नळी धड होती. ती मी चिरून पाहिली, तर आतला नायलॉनचा दोर वितळून काचेसारखा कडक झाला होता. आमच्या एका जुन्या कामगाराने मग समजावलं. दोर ताणतो, सैल होतो, पुन्हा ताणतो, त्याने आतून तापतो. त्याला पावसाचं पाणी लागलं तर तो थंड राहतो, पण नळीने पाणी अडवलेलं असतं. दोराला घासण्यापासून जपायला बसवलेल्या नळीनेच दोराला मारलं. ते मास्तर दगडांवरची फळकुटं गोळा करत होते. मीही त्यांच्या शेजारी वाकून गोळा करायला लागले.

तेव्हाच मी ठरवलं की दोराला कापड बांधायचं. जाड, सुती, पाणी पिणारं कापड. व्हिन्स आणि बाकीचे हसले, कारण नळी पटकन बसते आणि कापड शिवावं लागतं. मीही फार ताणून धरलं नाही. तशी वेळच आली नव्हती.

ती आणली पेठेकाकांनी.

अनंत पेठे हे पुलांचे इंजिनीअर. पहिल्या पिढीत इकडे आलेले, मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. निवृत्त झाल्यावर माणसं गोल्फ खेळतात, नातवंडं सांभाळतात, भारतात फ्लॅट घेऊन भाडेकरूंशी भांडतात. काकांनी एडिसनच्या घरामागे ताडपत्रीचा मांडव घातला आणि लाकडाची शिडाची बोट बांधायला घेतली. आठ वर्षं लागली. ओकच्या फासळ्या वाफेवर वाकवल्या त्यांनी, फळ्या एकेक करून तासल्या, फटींत कापसाची वात ठोकून बसवली. शेजाऱ्यांनी नगरपालिकेकडे तक्रार केली तेव्हा अधिकारी पाहायला आला आणि तासभर फळी धरून उभा राहिला, असं काका सांगायचे. बोटीचं नाव ठेवलं ‘जाई’. मालतीकाकूंचं म्हणणं, नाव गोड ठेवलं म्हणून सवत काही बहीण होत नाही. काकू नागपूरच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. आठ वर्षं त्यांच्या घरात वार्निशचा वास होता आणि त्यांनी शपथ घेतली होती की त्या बोटीत त्या पाऊल ठेवणार नाहीत.

दोन हजार पाचच्या एप्रिलमध्ये ‘जाई’ ट्रकवरून आमच्या यार्डात आली. सगळ्यांच्या बोटी पाण्यात चालल्या होत्या. काका म्हणाले, नारळी पौर्णिमेला घालू. मी म्हटलं, काका, कोकणात तेव्हा पावसाळा सरतो म्हणून नारळी पौर्णिमा. इथे ऑगस्टमध्ये सीझन संपत आलेला असतो. ते म्हणाले, “कारण मला ठाऊक आहे गं. पण समुद्राला नारळ दिल्याशिवाय आमच्याकडे होडी पाण्यात गेलेली मी पाहिली नाही. इतकी वर्षं थांबलो, आता चार महिन्यांनी काय होतंय?” मी व्हिन्सना समजावून सांगितलं. इटालियन माणसाला देवधर्माचं पटकन कळतं. नारळी पौर्णिमेला त्यांनी स्वतः टोपी काढून नारळ पाण्यात सोडला आणि ‘जाई’ पाण्यात उतरली. दोन दिवस तिच्या फटींतून पाणी आलं, मग फळ्या पाणी पिऊन फुगल्या आणि फटी मिटल्या. लाकडी बोटीचं असंच असतं, ती आधी पाणी पिते तेव्हाच पाणी अडवते. काका तीन दिवस पंपाशी बसून होते आणि इतका खूश माणूस मी क्वचित पाहिला आहे.

खरा घोळ पुढे झाला. बोट बाहेर काढायची मी त्यांना सप्टेंबरअखेरची तारीख दिली. काका म्हणाले, पितृपक्ष आहे, पितृपक्षात तिला हलवायची नाही. ऑक्टोबरची दिली, तर म्हणाले, दसऱ्याची पूजा पाण्यातच करायची, वाहन आहे ते. दसऱ्याला ‘जाई’च्या डोलकाठीला झेंडूची माळ होती आणि शेजारच्या बोटीतला माणूस विचारत होता की लग्न कुणाचं आहे. त्यानंतरची तारीख दिली ती दिवाळीत पडली. लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला, भाऊबीज झाली आणि क्रेन बिघडली. तिचा भाग यायला तीन आठवडे लागले. तोवर मी यार्ड फाटकापर्यंत भरून बसले होते. ‘जाई’ला ठेवायला जागा करायची तर निम्मं यार्ड रिकामं करावं लागलं असतं. मुहूर्त पाहून पाहून काकांनी तिला पाण्यात घातली आणि मुहूर्त पाहून पाहून ती पाण्यातच राहिली.

लाकडी बोट हिवाळाभर पाण्यात ठेवण्यात तसं गैर काही नाही, फळ्या सुकत नाहीत. बर्फ धरू नये म्हणून आम्ही तिच्याखाली पाणी ढवळणारं यंत्र सोडलं. पण ती बांधलेली होती तो धक्का जुना, खांबांवर ठोकलेला, आणि तोंड ईशान्येकडे उघडं. या किनाऱ्यावर हिवाळ्यातलं वादळ त्याच दिशेने येतं. ते वारं पाणी उपसागरात ढकलतं आणि ओहोटीलाही बाहेर जाऊ देत नाही. शिवाय लाकडी, घरी बांधलेल्या, बांधणाऱ्याच्या हातची पहिलीच असलेल्या बोटीचा कुणी विमा उतरवत नाही. ती गेली असती तर काकांची आठ वर्षं गेली असती आणि पंचाहत्तरीला आलेला माणूस पुन्हा फासळ्या वाकवायला बसत नाही.

काकांना हे माझ्याइतकंच कळत होतं. रोज सकाळी फोन, “वारा कुठला आहे?” दुपारी फोन, “बर्फ धरलाय का?” एक दिवसाआड ते स्वतः यायचे, दोर हाताने चाचपायचे आणि घरी जाऊन पुन्हा फोन करायचे. एकदा काकूंनी फोन काढून घेतला आणि मला म्हणाल्या, घरात कुणी आयसीयूत असल्यासारखं चाललंय, आम्ही सिनेमालासुद्धा जाऊ शकत नाही. मी हसले, पण फोन ठेवून मीही खिडकीतून ‘जाई’कडे पाहून घेतलं.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी एडिसनमध्ये एका मैत्रिणीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दुपारच्या जेवणासकट, पॉटलक, म्हणजे प्रत्येकीने एकेक पदार्थ आणलेला. बायका वर, पुरुष खाली बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर. मी कोथिंबीरवडीचा पहिला तुकडा तोंडात घातला आणि व्हिन्सचा फोन आला. समुद्रात दूर जाईल म्हणून सांगितलेलं वादळ वळलं होतं. वारा ईशान्येचा, जोर उद्या सकाळी. मैत्रिणीच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे माझी नजर गेली. उद्या अमावास्या. म्हणजे सकाळची भरती उधाणाची आणि वारा तिच्या पाठीवर.

मी व्हिन्सना विचारलं, ‘जाई’चे दोर. ते म्हणाले, दुहेरी करायला माणसं लावतो, पण नळ्या संपल्यात. मी म्हटलं, नळ्या नकोतच, कापड आणते.

हे म्हणणं सोपं होतं. मी यजमानीणबाईंना म्हटलं, जुनं जाड सुती कापड आहे का? सगळ्या जणी मदतीला धावल्या. चादरी निघाल्या, त्या अर्ध्या पॉलिएस्टरच्या. टॉवेल निघाले, ते दोन तासांत फाटले असते. एकीने पडदे काढून द्यायची तयारी दाखवली. अंगावर सगळ्यांच्या पैठण्या आणि कांजीवरम. इतक्या भरल्या घरांच्या गावात धड सुती चिंधी मिळेना. आपण सगळ्यांनी देश सोडताना पहिल्यांदा काय मागे टाकलं ते मला त्या दिवशी कळलं.

मालतीकाकू सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “आमच्याकडे सासूबाईंच्या गोधड्या आहेत.”

काकांच्या आईने शिवलेल्या तीन गोधड्या होत्या त्या. एकीत पाच-सहा जुन्या सुती लुगड्यांचे थर, बोटभर अंतरावर टाके. काकांबरोबर त्या अमेरिकेत आल्या आणि प्रत्येक घर बदलताना बरोबर गेल्या. वॉशिंग मशीनमध्ये मावत नाहीत, अंगावर घेतल्या तर माणूस दबतो, आणि टाकायची भाषा काढली तर काका दोन दिवस बोलत नाहीत. काकूंनी बेसमेंटच्या दारातून काकांना हाक मारली आणि जिन्यातच सगळं सांगितलं. काका वर आले. चेहरा पांढरा पडला होता. वादळाने की गोधड्यांनी, मला कळलं नाही.

ते म्हणाले, नाही. आईच्या गोधडीला कात्री लागणार नाही. आणखी दोर बांधा, माझ्या गाडीचं कव्हर घ्या, काहीही करा.

मी त्यांना त्या मास्तरांच्या बोटीचा वितळलेला दोर कसा दिसत होता ते सांगितलं. ते ऐकत होते, पण मान हलत होती ती नकाराची. तेव्हा काकू म्हणाल्या, “अहो, आईंनी त्या पांघरायला दिल्या होत्या. कुणाला पांघरायच्या हे काही त्या सांगून गेल्या नाहीत.”

मग काकांनी गाडीची किल्ली काढली.

दुपार कलायच्या आत आम्ही धक्क्यावर होतो. काकूंच्या अंगावर हिरवी पैठणी, वर फुगीर जॅकेट, पायात बर्फाचे बूट. माझाही अवतार तसाच. व्हिन्सच्या माणसांनी आमच्याकडे पाहिलं आणि शहाणपणाने तोंड मिटून घेतलं. काकूंनी शिवणकामाची मोठी कात्री आणली होती. पहिल्या गोधडीला ती त्यांनी स्वतः लावली, काकांकडे न बघता. हातभर रुंदीच्या पट्ट्या काढल्या. काका बोटीवर उभे राहून दोर खाचेपाशी धरायचे, मी पट्टी दोराभोवती घट्ट गुंडाळायचे आणि काकू धक्क्यावर बसून शिडं शिवायच्या मेणाच्या सुताने ती दोरातच शिवून टाकायच्या, म्हणजे सरकू नये. थंडीने बोटं वळत नव्हती. टाका मात्र त्यांचा सरळ पडत होता. बोटीत या, खाली बसायला बरं पडेल, असं काका एकदा म्हणाले. “मी इथे बरी आहे,” काकू म्हणाल्या. आठ दोर शिवून झाले. मग दोरांचे फास खांबांवर जितके उंच चढतील तितके चढवून खिळ्यांनी अडकवले, नाहीतर पाणी चढलं की फास खांबावरून तरंगून निघतो. तीन गोधड्यांची एक चौकोनी चिंधी उरली. ती काकांनी घडी घालून जॅकेटच्या आत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं, काका, काकू, व्हिन्स आणि मी, यार्डाच्या वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात, खिडकीशी. वारा असा की काच आत-बाहेर होत होती. पाणी चढत गेलं आणि धक्का दिसेनासा झाला, नुसते खांब वर. ‘जाई’ उसळत होती, झटका घेत होती, दोर ताणून ताठ होत होते आणि ती पुन्हा जागेवर येत होती. काका मोठ्याने मोजत होते, प्रत्येक लाटेला एक. मी त्यांना थांबायला सांगितलं, कारण मीही मनात मोजायला लागले होते.

धक्क्याच्या त्या टोकाला एक मोठी पांढरी फायबरची बोट होती. मालक हिवाळ्यात फ्लोरिडात असायचा. उन्हाळ्यात त्याने ‘जाई’ला फर्निचर म्हटलं होतं. तिच्या दोरांवर चांगल्या महागाच्या नळ्या होत्या. आमच्या डोळ्यांदेखत तिचा पुढचा दोर गेला, मग मागचे, आणि ती आडवी होऊन वाऱ्याबरोबर सरळ ‘जाई’वर आली. आवाज खिडकीबंद ऑफिसात ऐकू आला. ‘जाई’ कलली. ती मोठी बोट तिच्या कुशीला टेकून तिथेच अडकली, आणि आता दोन बोटींचं ओझं त्या आठ दोरांवर होतं.

काका दाराकडे निघाले. मी आधी पोचले आणि दारात उभी राहिले. ते मला बाजूला हो म्हणाले, मला बोटीवर गेलंच पाहिजे, दोन बोटींच्या मध्ये उशी सारली पाहिजे. पाण्याखाली गेलेल्या धक्क्यावर पहिलं पाऊल टाकलं की माणूस गेला, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

“काका, बोट तुमची आहे,” मी म्हटलं, “पण धक्का माझा आहे. मी तुम्हाला त्याच्यावर जाऊ देणार नाही.”

इतक्या मोठ्या माणसाशी मी तसं कधी बोलले नव्हते. व्हिन्स माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. काका खुर्चीत बसले आणि म्हणाले, “दोर धरतील का गं?”

मी खरं ते सांगितलं, की माहीत नाही. पाऊस चालू आहे तोवर आशा आहे, गोधड्या ओल्या राहतील. जन्मभर सोलापुरात आणि न्यू जर्सीत मिळून मी पावसासाठी इतकी प्रार्थना केली नसेल. काकू खिडकीपासून हलल्या नाहीत. त्या काकांना धीर देत नव्हत्या. दोराकडे नजर लावून उभ्या होत्या, कारण टाके त्यांचे होते.

भरती कळसाला पोचली तशी थांबून राहिली, ओहोटी सुरूच होईना. मग कधीतरी व्हिन्सनी खिडकीबाहेरच्या झेंड्याकडे बोट दाखवलं. झेंडा फिरला होता. वारा वायव्येकडून यायला लागला, म्हणजे वादळ पुढे सरकलं आणि जमिनीकडून येणारं वारं आता पाणी बाहेर लोटणार. दुपारपर्यंत धक्क्याच्या फळ्या पुन्हा दिसायला लागल्या.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. त्या पांढऱ्या बोटीच्या मालकाला व्हिन्सनी फोन करून सांगितलं की तुमची बोट एका फर्निचरने वाचवली. वसंतात तो फुलं घेऊन आला आणि कुणाला द्यायची हे न कळून ‘जाई’वर ठेवून गेला. पुढच्या हिवाळ्यापासून आमच्या यार्डात पाण्यात राहणाऱ्या प्रत्येक बोटीच्या दोराला शिवलेलं सुती कापड बांधायचा नियम झाला. मंडळातल्या पाच बायका ऑक्टोबरात आमच्या शेडमध्ये बसून थरावर थर शिवायच्या, मध्ये चहाचा थर्मास आणि चिवडा. व्हिन्स त्यांना ‘सेफ्टी डिपार्टमेंट’ म्हणायचे. दोन हजार आठमध्ये व्हिन्स थकले, यार्ड विकलं गेलं, तिथे आता पाण्याकडे तोंड केलेल्या इमारती होणार आहेत. व्हिन्सनी मला निरोपाला दोराची एक पितळी खाच दिली, लाकडावर बसवून. काम गेलं याचं वाईट वाटतं. उपसागरावर ईशान्येचा वारा सुटला की अजून माझ्याने घरात बसवत नाही. पण त्या वर्षांत माझ्या धक्क्यावरून माणूस एकही गेला नाही आणि त्या रविवारनंतर बोटही एकही गेली नाही, हे मी कुणालाही छाती पुढे काढून सांगते.

त्या दुपारी धक्का उघडा पडल्यावर आधी मी गेले, फळ्या तपासल्या, मग बाकीच्यांना बोलावलं. गोधडीच्या पट्ट्यांचे वरचे दोन-तीन थर झिजून लोंबत होते. आतला थर शाबूत होता. मी एक टाका उसवून आतला दोर दाबून पाहिला. थंड, मऊ, भिजलेला, कुठे चरा नाही. आठही दोर तसेच. व्हिन्सनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि काकूंना लवून नमस्कार केला, हात जोडून, आमच्यासारखा.

काकांचं लक्ष तिकडे नव्हतं. ‘जाई’च्या कुशीची बाहेरची पट्टी वीतभर फुटली होती, ती त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. ते आत उतरले आणि त्यांनी तळावरची फळी उचलली. खाली पाणी होतं. घोटाभर असेल. त्यांचा चेहरा उतरला. फळ्यांच्या फटी उघडल्या असतील तर हे पाणी समुद्राचं, म्हणजे सांधे हलले, म्हणजे आठ वर्षांचं काम आतून मोडलं. नाहीतर ते वरून झिरपलेल्या पावसाचं. कळायला एकच उपाय. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. पुन्हा लावलं. मग वर पाहिलं.

मी धक्क्यावरून विचारलं, “काय आहे, काका?”

“मला कळत नाहीये,” ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठांपर्यंत आलं होतं. चव कशी कळणार?

तेव्हा मालतीकाकूंनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, साडी एका हाताने वर धरली आणि ‘जाई’त पाऊल टाकलं. बोट थोडी डुलली. त्या सावकाश खाली उतरल्या, काकांना सरका म्हणाल्या, वाकून तळातलं पाणी बोटावर घेतलं आणि आमटीची चव घ्यावी तसं चाखलं.

“गोडं आहे,” त्या म्हणाल्या. “पावसाचं. तुमच्या बोटीत समुद्राचा थेंब शिरलेला नाही.”